सेक्शन हाती आला, आता हसायचं कसं? फीत लागलेल्या खान्देशी पोरांसाठी

धुळे, जळगाव, नंदुरबारकडचं पोरगं पलटणीत काही वर्षं काढतं, बाहीवर हुद्द्याच्या फिती लागतात आणि एक दिवस सेक्शन, म्हणजे पलटणीतली सगळ्यात लहान तुकडी, हाती येते. दहा माणसं, त्यातला एक आपण. केडरमध्ये, म्हणजे बढतीच्या प्रशिक्षणात, नकाशा शिकवलेला असतो, हुकूम कसा द्यायचा ते शिकवलेलं असतं, एलएमजी (हलकी मशीनगन) कुठे लावायची तेही. पण आपण बराकीत पाय टाकला की चाललेल्या गप्पा अचानक बंद पडतात, त्याचं काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. महिनाभरापूर्वी त्याच गप्पांत आपणही होतो.

माझी सगळी नोकरी पायदळात गेली. सुभेदार होऊन घरी आलो. गावात मात्र सगळे 'मेजर' म्हणतात, कारण आमच्या तापीकाठच्या गावांत फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, मग तो लान्स नायक असो की ऑनररी कॅप्टन. सुट्टीवर आलेली पोरं संध्याकाळी पारावर भेटतात आणि बहुतेकांची अडचण एकच असते: "नाना, जास्त हसलो तर डोक्यावर बसतात, नाही हसलो तर तोंड उघडत नाहीत."

त्यावर मी जे सांगतो ते इथे सविस्तर लिहितो. आधी मूळ मुद्दा. सेक्शन कमांडरचा विनोद करमणुकीसाठी नसतो. त्याचं खरं काम वाईट बातमी वेळेवर वर पोहोचवणं हे आहे. लांब मार्चच्या पहिल्या दिवशी एखाद्याच्या टाचेला फोड येतो. सेक्शनमध्ये मोकळेपणा असेल तर तो पहिल्याच हॉल्टला म्हणतो, "हवालदार साब, बूट चावतोय." पट्टी लावून काम भागतं. मोकळेपणा नसेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी तो बसतो. मग त्याचा पिट्ठू (पाठीवरची पिशवी), त्याची रायफल आणि शेवटी तोही बाकीच्यांच्या अंगावर पडतो. गंजलेली मॅगझिन, घरून आलेला वाईट फोन, रात्री ओपीवर (टेहळणीच्या ठाण्यावर) लागलेली डुलकी, या सगळ्या गोष्टी माणूस भीतीपोटी लपवतो. जो वरिष्ठ स्वतःवर हसू शकतो त्याला या गोष्टी लवकर कळतात. पुढची प्रत्येक पायरी या एका कसोटीवर घासून बघा.

पहिली पायरी: आधी काम, मग तोंड

नवा सेक्शन घेतला की पहिले काही आठवडे विनोद करू नका. बरोबर राहा. त्यांच्यासोबत लंगरात (जवानांच्या भोजनगृहात) जेवा, फटिगला (अंगमेहनतीच्या कामाला) फावडं हातात घ्या, बॅटल पीटीत पुढे पळा, शस्त्र साफ करताना शेजारी बसा. ज्याला काम येतं त्याचा विनोद गोड लागतो. काम न येणाऱ्याचा विनोद हा त्याचं उणेपण झाकायचा बहाणा आहे, हे जवानाला पहिल्या दिवशीच समजतं.

आपल्याच मातीतलं जुनं उदाहरण आहे. 1825 मध्ये जेम्स आउट्रम नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने खान्देशात भिल्ल कोअर उभी केली, मुख्य ठाणं धरणगाव. कंपनी सरकारचा हेतू उघड होता: डोंगरातलं बंड मोडायचं आणि त्याच लोकांच्या हातात बंदूक देऊन मोडायचं. त्या हेतूचं कौतुक करायचं कारण नाही. पण पद्धत बघा. कवायत आणि हुकूम नंतर आले. आधी आउट्रम पहारा न घेता भिल्ल नाईकांबरोबर, म्हणजे त्यांच्या म्होरक्यांबरोबर, जंगलात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, खाणंपिणं केलं. सुरुवातीला जेमतेम पाच जण त्याच्याबरोबर यायला तयार झाले. ज्याच्या शेजारी आपण पहारा न घेता झोपतो त्याच्याशी थट्टा करायचा हक्क आपोआप मिळतो. तो फितीसोबत येत नाही.

या काळात एक काम गुपचूप करायचं: सेक्शनचा सोंगाड्या कोण ते हेरायचं. प्रत्येक सेक्शनमध्ये एक असतोच. नकला करणारा, टोपणनावं पाडणारा, पावसात भिजत बसलेल्या माणसांना हसवणारा. नवे कमांडर त्याच्याशी स्पर्धा लावतात किंवा त्याला दाबतात. दोन्ही वाया. तो तुमचा सगळ्यात उपयोगी माणूस आहे, त्याच्याकडे पुढे येऊ.

आणखी एक खूणगाठ बांधा. तुम्ही काही बोललात आणि सगळे हसले, तर ते हसू हिशेबात धरू नका. हसण्याचा अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाईन यांनी लोकांचं रोजचं हसणं टिपून ठेवलं होतं. त्यांना आढळलं की बहुतेक हसू कुठल्याही विनोदानंतर येतच नाही, साध्या बोलण्यानंतर येतं. एकट्यापेक्षा चार माणसांत आपण सुमारे 30 पट जास्त हसतो. म्हणजे हसणं हे मुळात सोबत असल्याची खूण आहे. आणि जिथे फिती आहेत तिथे ती खूण भीतीपोटीही उमटते. हवालदाराच्या शिळ्या विनोदावरही नवा अग्निवीर दात दाखवतोच. खरी परीक्षा उलटी आहे: तुमच्यासमोर ते एकमेकांना हसवतात का? तुम्ही आल्यावर चालू असलेला हशा तसाच चालू राहतो का?

दुसरी पायरी: नेम कुणावर धरायचा

सगळी कला इथे आहे, म्हणून इथे जास्त वेळ घेतो.

मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या. माणसं जोडणारा, संकटात स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला बोचणारा आणि स्वतःला खाली पाडून दुसऱ्यांना खूश करणारा. कमांडरला पहिल्या दोन कामाच्या. तिसरी विष आहे. चौथी दिसायला नम्र असते, पण धोक्याची, त्याबद्दल लगेच सांगतो.

दुसऱ्या तऱ्हेचं उदाहरण फौजेत सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी 1942, ब्रह्मदेश, सितांग नदीचा पूल. सॅम माणेकशा तेव्हा तरुण कॅप्टन होते. पोटात मशीनगनच्या गोळ्या घेऊन पडलेल्या या माणसाला त्यांच्या जवानाने वाहून मागे आणलं. सर्जनला जगण्याची आशा वाटत नव्हती. काय झालं असं विचारल्यावर माणेकशा म्हणाले, खेचराने लाथ मारली. सर्जनला हसू आलं आणि त्याने शस्त्रक्रिया हाती घेतली, असा किस्सा सांगतात. यात नेम कुणावर आहे? स्वतःच्या हालतीवर. सर्जनवर नाही, शत्रूवर नाही, वाहून आणणाऱ्यावर तर नाहीच.

त्याच वर्षी, त्याच ब्रह्मदेशातून माघार घेताना जनरल विल्यम स्लिम आपल्या थकलेल्या कमांडरांना म्हणाले की याहून वाईट होऊ शकलं असतं. एकाने विचारलं, ते कसं? स्लिम म्हणाले, पाऊस पडू शकला असता. थोड्याच वेळात पाऊस आला. ही गोष्ट पुढे स्लिमनीच सांगितली, स्वतःची फजिती म्हणून. इथे नेम परिस्थितीवर आहे आणि नंतर स्वतःवर. आणि लक्षात घ्या, त्यांनी "सगळं ठीक आहे" असं म्हटलं नाही. हाल आहेत हे मान्य करूनच ते हसले. हाल नाकारणारा विनोद जवानाला चीड आणतो. तीन दिवस गरम जेवण मिळालं नाही आणि वरून कुणी म्हणालं, "वजन कमी होतंय, बरंच आहे," तर मनातल्या मनात त्याला शिव्याच पडतात, विशेषतः म्हणणारा स्वतः जेवून आलेला असेल तर.

म्हणून नेम धरायच्या जागा ठरवून घ्या: आपण स्वतः, हवामान, रस्ता, डाळ, ट्रेनचं वेटिंग तिकीट. एवढं पुरतं.

स्वतःवर हसतानाही हद्द आहे. ज्या गोष्टीवर त्यांचा जीव अवलंबून आहे तिच्यावर हसायचं नाही. रात्रीची गश्त घेऊन निघायच्या आधी "नकाशा मला कधीच जमला नाही" असं गंमतीत म्हणालात, तर मागचे नऊ जण रात्रभर तेच आठवत चालतील. ही ती चौथी तऱ्हा. आपलं टक्कल, आपलं गाणं, आपली इंग्रजी, बायकोसमोर होणारी आपली अवस्था, थंडीत वाजणारे दात, हे सगळं चालेल. नेमबाजी, नकाशा, वायरलेस, प्रथमोपचार, हे नाही.

खान्देशी माणसाला इथे एक फायदा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर जातो, आणि तिथला माणूस बर्फातल्या पोस्टवर उभा केला की विनोद शोधावा लागत नाही. आमचा चोपड्याकडचा एक नायक पहाटे संतरी बदलताना तंबूतून डोकं बाहेर काढून ओरडायचा, "जयगावना उन्हाया लई या रे कोनी!" आमचा जळगावचा उन्हाळा आणा रे कुणीतरी. कोल्हापूर-साताऱ्याच्या पोरांना अहिराणी धड कळायची नाही, पण महिनाभरात तीही हेच ओरडायला लागली. त्याने स्वतःची बोली, स्वतःची थंडी पुढे केली होती. कुणालाही टोचलं नाही, आणि "मला थंडी वाजतेय" हे बोलायची लाज सगळ्यांची गेली. बर्फात ही लाज जाणं फार महत्त्वाचं असतं. बोटं बधिर झाली हे माणसाने लगेच सांगितलं पाहिजे, बोटं काळी पडल्यावर सांगून उपयोग नाही.

उलट बाजूही बघा. आपली बोली आपण पुढे करायची. दुसऱ्याची बोली, त्याचा उच्चार, त्याचा प्रांत याला आपण हात लावायचा नाही, तो स्वतः हसत असला तरी. सेक्शनमध्ये साक्री, नवापूर, धडगाव, अक्कलकुवा इकडची भिल्ल, पावरा, कोकणी पोरं असतात. त्यांच्या राहण्यावर, रंगावर, जंगलावर कुणी शेलका शेरा मारला की तो तिथेच, त्याच आवाजात थांबवायचा: "हे आपल्या सेक्शनमध्ये चालत नाही." भाषण नको. पण न हसता बोला. कमांडर त्या वेळी नुसता गालात हसला तरी त्याने परवानगी दिली, असं सगळे धरून चालतात.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण पुष्कळांना 'थट्टा' आणि 'छळ' यातली रेघ माहीत नसते. सेना अधिनियम 1950 चं कलम 47 हाताखालच्या माणसाला वाईट वागणूक देण्याबद्दल आहे. ते अधिकाऱ्यापासून एनसीओपर्यंत (लान्स नायक, नायक, हवालदार) सगळ्यांना लागू आहे आणि कोर्ट मार्शलमध्ये दोष सिद्ध झाला तर 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धार्मिक भावना मुद्दाम दुखावणं हा कलम 64 खाली गुन्हा आहे. जात, धर्म, प्रांत, शरीर, घरची माणसं, नामंजूर झालेली सुट्टी आणि आजार या सात गोष्टी माझ्या हिशेबात कायमच्या बंद. सुट्टीचं नाव त्या यादीत बघून काहींना नवल वाटेल. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी येणार, कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद जमणार, आणि पोराची सुट्टी कापली गेली. त्या आठवड्यात त्याच्याशी सुट्टीवरून गंमत करून बघू नका.

तिसरी पायरी: वेळ

हुकूम देताना विनोद नाही. फायरिंग पॉईंटवर नाही. ग्रेनेड हातात असताना नाही. वायरलेसवर नाही. एका वाक्याचे दोन अर्थ निघणं हा विनोदाचा प्राण आहे, आणि हुकमाचा तो मृत्यू आहे.

याला एक सुंदर अपवाद आहे, आणि तो नियम जास्तच स्पष्ट करतो. जून 1999, कारगिल, पॉईंट 5140. 13 जॅक रायफल्सचे (जम्मू-काश्मीर रायफल्स) विक्रम बात्रा यांनी शिखर घेतल्यावर पाठवायचा विजयाचा संदेश म्हणून एका शीतपेयाच्या जाहिरातीतलं वाक्य ठरवलं होतं: ये दिल मांगे मोर. रात्री ते वाक्य वायरलेसवर आलं आणि खाली सगळ्यांना समजलं. तो विनोद होता, पण आधीच ठरलेला होता आणि त्या रात्री त्याचा अर्थ एकच होता. तुम्हालाही असं करता येतं. सरावाच्या वेळी रिपोर्ट लाईनला (जिथून वायरलेसवर खबर द्यायची त्या टप्प्याला), ठिकाणांना मजेशीर सांकेतिक नावं द्यायची मुभा मिळाली तर द्या. शेवभाजी, भरीत, मांडे, कळण्याची भाकर, काहीही. नावं लक्षात राहतात. ऐनवेळी सुचलेली गंमत मात्र पोटात ठेवा.

मग बोलायचं कधी? निघायच्या आधी, सगळी तपासणी संपल्यावर, शेवटच्या मिनिटाला एक छोटं वाक्य. ताण त्या वेळी गळ्याशी आलेला असतो. हॉल्टवर. काम संपल्यावर शस्त्र जमा करताना. लंगरात. आणि संध्याकाळच्या रोल कॉलनंतर, आधी किंवा मध्ये नाही.

कुणी जखमी झालं, कुणी गेलं, तर कमांडरकडून विनोद नाही. जवान आपसांत काही काळं, कडू बोलतील. ते बोलू द्या. तुम्ही त्यात भर घालू नका आणि रागावूही नका. दुःख पचवायची ती त्यांची रीत आहे, नागरिकांना ती क्रूर वाटते. फक्त एक ऐका: कोण स्वतःच्याच मरणाबद्दल पुन्हा पुन्हा गंमत करतोय. त्याबद्दल पुढे सांगतो.

चौथी पायरी: सोंगाड्याला व्यासपीठ द्या

खान्देश तमाशाचा मुलूख आहे. सोंगाड्या राजाला राजासमोर चार गोष्टी सुनावतो, राजा हसतो आणि गाव बघतं. हे आपल्या रक्तात आहे, मग सेक्शनमध्ये का वापरू नये? पलटणीत त्याची अधिकृत जागा आहे: बडा खाना. त्या दिवशी अधिकारी, जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि जवान एकत्र जेवतात, अधिकारी जवानांना वाढतात, आणि कार्यक्रमात नकला होतात.

नक्कल करायची परवानगी अशी द्या. आठवडाभर आधी सोंगाड्याला बोलवा. सांगा, "माझी कर. बाकी कुणाची करायची तर त्याला विचारून." कंपनी कमांडर किंवा सीओ साहेबांची (पलटणीच्या प्रमुखांची) करायची असेल तर वरिष्ठ जेसीओमार्फत विचारून घ्या, बहुतेक साहेब हो म्हणतात. बंद असलेल्या सात गोष्टी त्यालाही सांगा. मजकूर तपासायला मागू नका. तपासलेली नक्कल बेचव होते.

नक्कल चालू असताना हसा, आणि लक्ष देऊन बघा, कारण तो तुमच्या कारभाराचा अहवाल आहे. मी पाहिलेल्या एका नकलेत सीओ साहेब म्हणतात, "परेड सकाळी 7 वाजता." पुढचा म्हणतो पावणेसात. त्याच्या पुढचा साडेसहा. असं करत करत सेक्शन कमांडर पोरांना म्हणतो, "रात्री झोपूच नका, सरळ फॉलिन व्हा." सगळी कंपनी लोटपोट. पण पुढच्या सोमवारी कंपनी कमांडरने प्रत्येक पातळीवर किती वेळ वाढवला जातोय ते विचारलं आणि मधल्या सगळ्यांना पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नका असं बजावलं. जवानांना एक तास झोप जास्त मिळायला लागली. सैनिक संमेलनात, जिथे जवान साहेबांसमोर अडचणी मांडतात, उभं राहून ही तक्रार कुणी केली नसती.

नंतरचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. ज्याने तुमची नक्कल केली त्याचं नाव दुसऱ्या दिवशी फटिगच्या यादीत आलं, खऱ्या पाळीनुसार आलं तरी, सगळे एकच अर्थ काढतील. तो आठवडा त्याची पाळी पुढे ढकला आणि का ढकलली ते कुणाला सांगू नका.

रोजच्यासाठी बडा खाना थांबून राहत नाही. शस्त्र साफ करताना सोंगाड्याला म्हणा, "आज मी काय काय बोललो ते सांग रे." तो तुमच्या आवाजात सांगेल. आपण दिवसातून किती वेळा "फटाफट" म्हणतो हे मला असंच समजलं.

पाचवी पायरी: चूक दाखवताना

ट्रेनिंग सेंटरमधले उस्ताद आठवतात ना? त्यांचे टोमणे आयुष्यभर लक्षात राहतात, आणि म्हातारपणी आपण तेच किस्से हसून सांगतो. म्हणून नव्या एनसीओला वाटतं की आपणही तसंच बोलावं. फरक असा की उस्ताद सगळ्यांना सारखंच झोडपतात, काही महिन्यांनी तुकडी निघून जाते आणि नवी येते. तुम्ही त्याच नऊ जणांसोबत दोन-तीन वर्षं एका तंबूत राहणार आहात. तिथे तोच टोमणा साचत जातो.

माझा हिशेब असा. जीव जाईल अशी चूक: विनोद नाही, सरळ शब्द, त्याच क्षणी. शिस्तीची मोठी चूक: बाजूला घेऊन, गंभीरपणे. छोटी, रोजची चूक, जसं मेस टिन खराब, पलंगाखाली बूट वाकडे, फॉलिनला टोपी तिरकी: इथे विनोद उत्तम, कारण रागावलात तर राग फुकट जातो आणि सोडून दिलंत तर सवय लागते.

नेम चुकीवर असतो, माणसावर नाही. "तुझी टोपी अमळनेरच्या गाडीत बसलीय वाटतं, तू अजून भुसावळलाच," असं म्हटलं की पोरगं हसत टोपी सरळ करतं. "तुला डोकंच नाही, टोपी कशावर राहणार" म्हटलं की तेही हसतं, पण ते हसू वेगळं. एकदा बोललं की संपलं. तोच विनोद त्याच माणसावर पुन्हा केला की त्याचं टोपणनाव होतं, आणि टोपणनाव बदलीबरोबरही जात नाही. टोपणनावांबद्दल माझा कडक नियम होता: जे नाव तो माणूस स्वतः फोनवर मित्रांना सांगतो तेच चालेल.

जो सगळ्यात नवा, सगळ्यात बुजरा आहे त्याच्यापासून सुरुवात कधीच करू नका. आधी सगळ्यात जुन्या, तुमच्या बरोबरीच्या माणसाशी थट्टा करा आणि त्याला उलट बोलू द्या. नवा पोरगा बघून शिकतो की इथे उलट बोललं तर चालतं. मग एके दिवशी तो स्वतःच काहीतरी बोलतो. त्या दिवशी त्याला जोरात दाद द्या, विनोद फडतूस असला तरी.

सहावी पायरी: बिघडलं तर

प्रत्येकाचा नेम कधीतरी चुकतो. कळतं कसं? ज्याला लागलं तो सगळ्यांच्या नंतर हसतो आणि सगळ्यांच्या आधी थांबतो. लंगरात जागा बदलतो. ड्यूटी बदलून मागतो. तुमच्याशी एकाएकी फार अदबीने बोलायला लागतो, आणि ही खूण सगळ्यात पक्की.

दुरुस्ती त्याच दिवशी करायची. चारचौघांत बोललो असू तर चारचौघांतच: "सकाळी मी जे बोललो ते बोलायला नको होतं." बस. "मस्करी होती रे, मनाला लावून घेऊ नको" हे वाक्य कटाक्षाने टाळा. त्यात दोष पुन्हा त्याच्यावर जातो. माफी मागितल्याने फीत खाली येते असं वाटणारे पुष्कळ आहेत. मी पाहिलेल्या चांगल्या कमांडरांत असा एकही नव्हता.

आता ती काळी थट्टा. नेहमी हसवणारा अचानक गप्प झाला, किंवा नेहमी गप्प असणारा स्वतःला संपवण्यावर गंमती करायला लागला, तर ती गंमत समजून सोडू नका. एकटं गाठा, शेजारी बसा, सरळ विचारा: घरी काय चाललंय? पैसे, जमीन, बायको, आई, कर्ज? स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हेही तोंडाने विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याच्या बडीला (जोडीदाराला) लक्ष ठेवायला सांगा, त्याला एकटं ठेवू नका, शस्त्राची ड्यूटी शांतपणे बदला, आणि त्याच दिवशी कंपनी कमांडर साहेबांना आणि रेजिमेंटच्या डॉक्टरांना कळवा. पंडितजी, मौलवीजी यांच्याशीही जवान मोकळं बोलतात. "सांगितलं तर त्याचं करिअर खराब होईल" या दयेपोटी गप्प राहू नका.

आणि फोनवरचा सेक्शन

आता प्रत्येक सेक्शनचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. कामाचं, ठिकाणाचं, तारखांचं काही त्यावर टाकायचं नाही हे तुम्हाला माहीतच आहे. थट्टाही टाकू नका. तोंडाने बोललेल्या वाक्यात तुमचा चेहरा असतो, लिहिलेल्यात नसतो, आणि त्याचा स्क्रीनशॉट पुढे कुठे जाईल सांगता येत नाही. ग्रुपवर जातीचा, धर्माचा, बायकांचा फॉरवर्ड आला तर उत्तर लिहीत बसू नका. पाठवणाऱ्याला फोन लावा, दोन वाक्यांत सांगा आणि त्याच्याच हाताने काढायला लावा. सुट्टीवर गेलेल्याने शेतातल्या भरीत पार्टीचा फोटो टाकला तर मात्र "आमचा डबा कुठे?" एवढं खुशाल लिहा. तो परत येताना बिबड्याचे पापड घेऊनच येतो.